दहा वाजताचा नमुना

४ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली आजपासून माझ्याकडे. जुने केमिस्ट शुक्रवारी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत सगळे त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोलले, की माणूस समोर जिवंत बसलाय हे विसरलेच बहुतेक. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "सही आकड्यांवर कर, पण विश्वास थेंबावर ठेव." मी मान डोलावली. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली मान डोलावण्यातच गेली, सवय आहे. आता चुकलं तर "सरांना विचारते" म्हणायची सोय नाही. म्हणून ही वही आणली. भीती कुठेतरी ठेवायला जागा हवी.

संध्याकाळी मासोळीने विचारलंच, थेंब म्हणजे कसला. मासोळी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बारा वर्षांची. रोज सकाळी तलावावर पोहायला जाते म्हणून हे नाव. तिला सांगितलं: अख्ख्या शहराचं सांडपाणी आमच्या प्लांटवर येतं. आधी जाळ्या, मग वाळू बसवायची टाकी, मग मोठा हौद, त्यात खालून हवा सोडतात. हौदात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात. गाळ खाली बसतो, वरचं पाणी तलावात जातं. आणि पलीकडच्या काठाच्या मनोऱ्यातून उपसून, गाळून तेच आपल्या नळाला येतं. "म्हणजे आपण आपलंच पाणी पितो?" तिने नाक मुरडलं. म्हटलं, मधे ते जीव आहेत म्हणून पितो.

त्या जिवांमधले काही देठावर उभे असतात, वर कळीसारखं तोंड. आम्ही त्यांना कळ्याच म्हणतो. हौदात काही वाईट आलं तर आधी तेच तोंड मिटतात. रोज सकाळी एका थेंबातल्या कळ्या मोजायच्या. आज बेचाळीस. आता मासोळी रोज विचारणार आहे, "आत्या, आज किती?"

जेवताना धाकट्याने चेष्टा केली, "ताई साहेब झाली, आता गटाराला पण अपॉइंटमेंट लागणार." मलाही चेव आला. म्हटलं, हसू नकोस, आमचा हौद दगडसुद्धा पचवेल. तो म्हणाला, खरंच काहीही पचतं? म्हटलं, काहीही. मग त्याने विचारलं, तपासता कधी? सांगितलं, नमुना रोज दहाला. तीस वर्षं दहालाच. का, तर सव्वादहाला चहा येतो.

त्याच्या कारखान्यातली वापरून झालेली पिंपं न्यायला टँकरवाला अजून आलेला नाही. महिना होईल. तो नळांना निकेलचा मुलामा देतो, मागच्या गल्लीत पत्र्याची शेड आहे. हे त्याचं स्वतःचं पहिलं वर्ष. भावजय म्हणाली, पिंपांमुळे शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. तो म्हणाला, निघेल काहीतरी मार्ग.

६ मार्च, बुधवार

एकेचाळीस. दहाचा नमुना स्वच्छ. पहिल्यांदा एकटीने सही केली. सही वाकडी आली.

११ मार्च, सोमवार

एकोणतीस. दोनदा मोजल्या, मग स्लाइड बदलून तिसऱ्यांदा. एकोणतीसच.

साहेबांना सांगितलं. ह्यांना सगळे उद्या-बघू साहेब म्हणतात, त्यांच्या तोंडावर फक्त साहेब. ते म्हणाले, "दहाचा नमुना काय म्हणतो?" नमुना काहीच म्हणत नाही, नमुना अगदी शहाण्यासारखा आहे. "मग झालं. उद्या बघू."

घरी मात्र आनंद. धाकट्याची शेड हळूहळू मोकळी होते आहे. भावजयीने आज तिथे खुर्ची टाकली आणि ती चक्क बसली. टँकरवाला वळणावर आला वाटतं. धाकट्याची नखं हिरवी झाली आहेत. म्हटलं, हातमोजे घालत जा, निकेल आहे ते. "घालतो गं," म्हणाला. लहानपणापासून त्याचं "घालतो गं" मला माहीत आहे.

१३ मार्च, बुधवार

सतरा.

आणि सतरापेक्षा वाईट म्हणजे देठ. नुसते देठ उभे आहेत, वरच्या कळ्या गळालेल्या. पाहताना माझ्याच मानेला हात गेला.

दहाचा नमुना स्वच्छ. येणारं पाणी रोजच्यासारखंच, रंग तोच, आम्ल प्रमाणात. मग मरतंय कशाने? साहेब म्हणाले, "तुमचा चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा." नाकाला मिरच्या झोंबल्या पण गप्प बसले. कारण दोष चष्म्याचा असता तर किती बरं झालं असतं.

नाकवाले काका हौदावर फिरत होते. मशीन बिघडलं तर कागद बघण्याआधी ह्यांचं नाक सांगतं. पंचवीस वर्षं ते फक्त हौदाचा वास घेत फिरतात. चांगल्या हौदाला ओल्या मातीचा वास असतो. काका म्हणाले, "बाई, दुपारी वास बदलतो. संध्याकाळी परत सरळ होतो. मी कुणाला बोललो नाही, म्हटलं, वय झालं."

१४ मार्च, गुरुवार

बाहेर जाणाऱ्या पाण्यात अमोनिया वाढला. अजून मर्यादेत आहे पण कालच्या दुप्पट. म्हणजे अमोनिया खाणारे जीव मरायला लागले. ते सगळ्यात नाजूक, मेले की परत वाढायला आठवडे लागतात.

हौद मेला तर काय, ह्याचा विचार करायचा नाही असं ठरवते आणि तोच करते. हौद मेला तरी शहर काही नळ बंद करत नाही, पाणी येतच राहतं. ते तसंच्या तसं पुढे जाणार. आधी तलावात पाणी सोडायच्या तोंडापाशी मासे, मग घाटापाशी पोहणारी मुलं, मग मनोरा.

एक गोष्ट धीराची आहे. प्लांटच्या मागे आणीबाणीचा हौद आहे, रिकामाच असतो. दार फिरवलं की येणारं सगळं पाणी तिकडे वळतं. अठरा तासांचं पाणी त्यात मावतं. पण दाराला कुलूप, आणि कुलूप उघडायला केमिस्टचा लेखी अर्ज लागतो. अर्जात रकाना आहे: संशयित उगम. केमिस्ट म्हणजे मी. आज अर्जाचा कोरा कागद काढून ड्रॉवरमध्ये वरच ठेवला.

१६ मार्च, शनिवार

आज मीच वेड्यासारखी दर तासाला बाटली भरत बसले. नऊ, दहा, अकरा, बारा, एक, दोन, सगळ्या बाटल्या एकसारख्या. शिपाई म्हणाला, मॅडम सरबताचं दुकान टाकणार का. तीन वाजता काका धावत आले. "बाई, आत्ता घ्या. नाण्याचा वास येतोय, मुठीत धरलेल्या नाण्याचा."

तीनची बाटली उजेडाला धरली. किंचित हिरवट. चाचणी लावली. निकेल, आणि भरपूर.

म्हणजे कोणीतरी दहाचा नमुना चुकवून सोडतो आहे. वरून पाणी इथे पोचायला दोन तास लागतात. दुपारी एकच्या सुमारास ओतत असणार, आमची वेळ माहीत असलेला कोणीतरी. इतका राग आला. माणसाच्या जातीला काही वाटत नसेल? त्याच्या घरात पाणी पीत नसतील?

निकेल म्हणजे मुलामेवालेच. शहरात असे आठ-दहा तरी असतील. सोमवारपासून काकांना घेऊन झाकणं उघडत मागे मागे जायचं. घरी धाकट्याला मुद्दाम विचारलं, तुमच्या धंद्यात असा नालायक कोण असेल रे? त्याने पाणी प्यायलं आणि म्हणाला, "मी नवीन आहे ताई, मला कोण ओळखतं." खरंच आहे. बिचाऱ्याला उगाच विचारलं.

१८ मार्च, सोमवार

कळ्या नऊ.

दीड वाजता मुख्य वाहिनीचं पहिलं झाकण उघडलं. तिथे दोन शाखा मिळतात, बाजाराकडची आणि टेकडीकडची. काकांनी दोन्हींवर वाकून वास घेतला, मी दोन बाटल्या भरल्या. बाजाराकडची साधी, टेकडीकडची हिरवट. टेकडीकडे कारखाने नाहीत फारसे. आमचं घर तिकडेच आहे. म्हटलं, बरं झालं, जाताजाता घरी चहा होईल.

१९ मार्च, मंगळवार

सहा.

आज दुसरं झाकण, शाळेसमोरचं. मासोळीच्या शाळेसमोरचं. डावीकडची शाखा हिरवट. मग तिसरं, दवाखान्याच्या कोपऱ्यावरचं. परत डावीकडची. रोज संध्याकाळी मी ह्याच वाटेने घरी येते, दवाखान्याशी डावीकडे वळते. झाकणं मोजत चालत होते हे घरी पोचल्यावर लक्षात आलं. आमच्या भागात असतील की दुसरे कोणी. असतीलच.

झोप नाही.

२० मार्च, बुधवार

हे लिहायचं की नाही, तासभर बसून विचार केला. पण खोटं लिहायचं असेल तर ऑफिसचं रजिस्टर आहेच. इथे खरं लिहिते.

चौथं झाकण औषधाच्या दुकानासमोर. तिथे तीन गल्ल्यांची शाखा येते, त्यातली एक आमच्या मागची. काकांनी झाकण उचललं. मला वाकायची गरजच पडली नाही, उभ्या उभ्या दिसलं. मधल्या पन्हाळीवर हिरवा थर, ताजा. काका माझ्याकडे बघत होते. त्यांना माझं घर माहीत आहे, दोनदा येऊन गेलेत. मी म्हटलं, "काका, आज पुरे. उद्या तुम्ही पंपांचं काम बघा, पुढचं परवा बघू." माझ्या तोंडून साहेबांचं वाक्य निघालं. काका म्हणाले, "बरं." एवढंच.

तिथून सरळ शेडवर गेले. आकड्यांवर टांगलेले नळ चमकत होते. मोरीची जाळी हिरवी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी तीन दिवस पायी चालून केलं.

धाकटा एकटाच होता. म्हटलं, टँकर कधी आला होता? तो एक नळ पुसत राहिला. मग म्हणाला, "तो येतच नाही गं. किती फोन केले. पिंपं गळायला लागली होती, कुठे ठेवू? रोज एकेक ओततो." त्याचा आवाज अगदी साधा होता. "तूच म्हणालीस ना, हौद दगड पचवेल. आणि तुम्ही दहाला बघता, म्हणून मी एकनंतर ओततो. तुला त्रास नको म्हणून."

तुला त्रास नको म्हणून. मी त्याच्यावर ओरडायला गेले होते. स्टुलावर बसले आणि रडले. म्हटलं, अरे दगड पचवेल म्हणजे खरोखर का? घाण पचवतो, विष नाही. रोजच्या एका पिंपाने हौद मरायला टेकलाय. त्याचा चेहरा उतरला. लहानपणी काच फुटली की व्हायचा तसाच. "मला काय माहीत ताई. तू वीस वर्षं तिथे आहेस, मला वाटलं, तिथे सगळं साफ होतं." मग हळूच म्हणाला, "कारखाना बंद करतील का?" म्हटलं, करतील. कदाचित तुलाही नेतील.

अजून नऊ पिंपं आहेत. त्याने शपथ घेतली, आजपासून थेंब नाही, टँकर दुप्पट पैसे देऊन बोलावतो. मग विचारलं, "तुमची माणसं इथली झाकणं कधी उघडणार?" म्हटलं, उद्या कोणी येणार नाही, परवा अकरानंतर. घाबरलाय, म्हणून विचारत होता.

कोणाला सांगितलं नाही. आज रात्रीपासून पाणी स्वच्छ येईल, सहा कळ्या आहेत, सहाच्या साठ होतील. सुंठीवाचून खोकला गेला तर कशाला बभ्रा करायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकच वर्ष झालंय त्याच्या कारखान्याला. एकच दिवस गप्प बसायचं आहे.



२१ मार्च, गुरुवार

शून्य.

सकाळी सात होत्या. सहाच्या सात, मला इतका आनंद झाला की मी शिपायाला चहा पाजला. साडेअकराला काका आले. धावत नव्हते, चालत आले. "बाई, हौद बघा."

पांढरा फेस काठावरून बाहेर सांडत होता. हिरवट पांढरा. ओल्या मातीचा वास नाही, काहीच वास नाही, फक्त नाण्याचा. थेंब बघितला. कळ्या नाहीत, देठ नाहीत, काही हलत नाही.

त्याने नऊच्या नऊ ओतली. मला ते आकडा न बघता कळलं. माणसं उद्या अकरानंतर येणार हे मीच काल सांगितलं, म्हणून आज मोकळा दिवस मिळाला, आणि त्याने शेड धुऊन काढली.

ड्रॉवर उघडला. अर्जाचा कागद वरच होता. तेव्हाच दार फिरवलं असतं तर निदान मागून येणारं पाणी तिकडे थांबलं असतं, अठरा तास. तेवढ्यात तलावावर सांगता आलं असतं, मनोऱ्यावर सांगता आलं असतं. संशयित उगम. पेन टेकवलं. अज्ञात लिहिलं तर संध्याकाळपर्यंत मोठ्या ऑफिसची माणसं झाकणं उघडत त्याच्या मोरीशी येतील. त्याचं नाव लिहिलं तर अर्ध्या तासात. पाच वाजेपर्यंत तो कागद माझ्यासमोर होता. मग मी तो चार घड्या घालून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. साहेबांना म्हटलं, हवेची मशीन बघायला हवीत. ते म्हणाले, उद्या बघू. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे आभार मानावेसे वाटले, आणि मग स्वतःची लाज वाटली.

घरी धाकटा अंघोळ करून बसला होता. "ताई, सगळं साफ केलं. एक पिंप नाही आता." म्हटलं, टँकर आला? तो ताटाकडे बघत राहिला.

मासोळीने विचारलं, "आत्या, आज किती?" मी म्हटलं, आज मोजल्या नाहीत. मग म्हटलं, उद्या पोहायला जाऊ नकोस. का? पाणी गार आहे. "मार्च आहे आत्या, पाणी कुठे गार असतं?" ती बापाकडे बघायला लागली, तो माझी बाजू घेणार नाही अशा खात्रीने. तो म्हणाला, "आत्या सांगते तर नको जाऊस." भावजय म्हणाली, आज दोघांचं एकमत कसं झालं?

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी सात वाजता सोडायच्या तोंडापाशी गेले. मासे. पांढरी पोटं वर, काठाला लागलेले, वारा येईल तसे हलत होते. मोजायची सवय आहे म्हणून मोजायला लागले, दोनशेनंतर थांबले.

घाट तिथून दिसतो. पाण्यात डोकी दिसत होती, रंगीत टोप्या. मासोळीच्या वर्गातली मुलं. अकरा. बारावी आमची, ती घरी होती, रुसून.

मी धावले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बांधावरून धावले, चप्पल राहिली. शिकवणाऱ्या सरांना ओरडून सांगितलं, मुलं बाहेर काढा. त्यांनी काढली. त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि मग, "तुमची मासोळी आज आली नाही ना?"

आठ वाजता डब्यातला कागद काढला, घड्या सरळ केल्या. संशयित उगम: धाकट्याच्या कारखान्याचं नाव, गल्ली, शेड. खाली सही. ह्या वेळी वाकडी आली नाही.

आणीबाणीचं दार साडेआठला फिरवलं. नऊला घाट बंद, दहाला मनोरा बंद. सव्वादहाला चहा आला आणि कोणी घेतला नाही. बाराला शेडला सील. धाकट्याला नेलं. मी तेव्हा प्लांटवरच होते. भावजयीचा फोन आला, ती नुसती फोन धरून उभी होती. मीही.

२३ मार्च, शनिवार

चार मुलं दवाखान्यात. उलट्या, ताप. डॉक्टर म्हणतात, धोका नाही, दोन-तीन दिवस सलाइन. एकजण मासोळीची मैत्रीण, शेजारच्या बाकावरची.

शहरात टँकरने पाणी. आमच्या गल्लीतल्या रांगेत मी घागर घेऊन उभी राहिले, तर पुढची बाई म्हणाली, "तुम्ही प्लांटवर असता ना? तुम्हाला माहीत असेल, केव्हा सुरू होणार?" म्हटलं, बघू.

धाकट्याला संध्याकाळी जामिनावर सोडलं. तो खाली आहे, मी वर. जिन्याच्या पायऱ्या अकरा आहेत, आज कोणीही चढलं नाही, उतरलं नाही.

२५ मार्च, सोमवार

चौकशी. मोठ्या ऑफिसच्या अधिकारी बाई आल्या. शांत बाई, समोर पाण्याची बाटली, तीही विकतची. साहेब, मी, नाकवाले काका आणि धाकटा, असे चौघे एका टेबलाशी. धाकट्याने नखं टेबलाखाली ठेवली होती.

बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला ह्या कारखान्याचा संशय केव्हा आला?"

मी म्हटलं, "शुक्रवारी सकाळी. मासे बघितल्यावर."

इतकं सहज निघालं तोंडातून. जणू वीस वर्षं तेच पाठ करत होते. काका खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना कोणी काही विचारलं नाही आणि ते आपणहून बोलले नाहीत.

मग धाकट्याला विचारलं, "तुमच्या बहिणीला माहीत होतं?" मला वाटलं, संपलं. मी त्याला धरून दिलं, त्याने मला का सोडावं? तो म्हणाला, "नाही. कारखान्याचं मी ताईला काही सांगत नाही. तिला कळलं तेव्हा तिने लगेच लिहून दिलं." एकदाही माझ्याकडे न बघता म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. साहेब म्हणाले, आमच्या मॅडम फार प्रामाणिक आहेत, सख्ख्या भावाचं नाव लिहिलं, धैर्य लागतं. टेबलाभोवती माना डोलल्या.

दुसऱ्या शहरातून जिवंत गाळ आणलाय, तीन टँकर. आज हौदात सोडला. कळ्या अजून नाहीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्या मुठीत आता तिघं आहेत, तो, काका आणि मी. आता गप्प बसलं की झालं. त्याला शिक्षा होणारच, माझ्या बोलण्याने ती कमी होणार नाही. उलट आज तो खोटं बोलला हेही उघडं पडेल. मग कशाला?

२६ मार्च, मंगळवार

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. मासोळी. दवाखान्यातून मैत्रिणीला भेटून आली होती. दारातच उभी राहिली, आत आली नाही. पाच दिवसांत तिने "आज किती" विचारलं नव्हतं, मला वाटलं, तेच विचारेल.

ती म्हणाली, "आत्या, गुरुवारी पाणी गार नव्हतं ना?"

म्हटलं, नव्हतं.

"मग तुला गुरुवारीच माहीत होतं."

ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. गणित सुटत नाही तेव्हा बघते तसं बघत होती.

"मग तू मलाच का सांगितलंस? बाकीच्यांना का नाही?"

ती खाली गेली. अकरा पायऱ्या मी कानांनी मोजल्या.

बारा दिवसांपूर्वी इथे लिहिलंय, पाणी येतच राहतं. मला हौदाची भीती होती, तलावाची होती, साहेबांची होती, भाऊ जाईल ह्याची होती. ह्या प्रश्नाची नव्हती, कारण हा विचारेल कोण असं वाटलं होतं.

२७ मार्च, बुधवार

सकाळी लवकर प्लांटवर जाऊन थेंब बघितला. एक. काठाजवळ, कशाला तरी धरून, लहानसा देठ आणि वर कळी, तोंड उघडं. बराच वेळ बघत राहिले, खोटी निघेल म्हणून. खरी आहे. घरी परत आले, वर जाण्याआधी मासोळीच्या दाराशी थांबून म्हटलं, आज एक. आत पलंग वाजला, म्हणजे ऐकलं.

धाकटा अंगणात दात घासत होता. त्याला म्हटलं, मी बाईंना खरं सांगणार आहे. वीस तारखेचं, अर्जाचंही. त्याने चूळ भरली. म्हणाला, "मग परवाच्या जबाबात मी खोटा पडेन." म्हटलं, हो. त्याने तांब्या विसळून पालथा घातला. मग म्हणाला, "नोकरी जाईल तुझी." म्हटलं, जाईल. "जेवून जा," तो म्हणाला, आणि आत गेला.

अधिकारी बाई दहाला येतात. ही वही पिशवीत घातली आहे, वीस तारखेच्या पानात बसचं तिकीट खुणेला ठेवलं आहे. अक्षर बघते आहे तर पहिल्या दिवसासारखं वाकडं आलंय. सव्वानऊ झाले. निघायला हवं.